जमिनीवर सगळं ठीक, हवेत लिंक तुटते: ट्रान्समीटर-रिसीव्हरची तक्रार मुळापासून कशी शोधायची

तक्रार नेहमी साधारण सारखीच असते. रेडिओवर उडवायचं मॉडेल विमान दोन-तीनशे मीटरवर असताना त्याचे सर्व्हो (विमानाची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एक-दोन सेकंद दाद देत नाहीत, मोटर बंद पडते, मग आपोआप सगळं सुरळीत होतं. खाली उतरवून तपासलं तर काहीच सापडत नाही. मग विमानातला रिसीव्हर बदलला जातो. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, म्हणून नवा ट्रान्समीटर (हातातला रेडिओ) मागवला जातो, आणि तो एक तर मंजुरीच्या कागदांसाठी कस्टममध्ये अडकतो किंवा भलत्याच देशाच्या फर्मवेअरचा हातात पडतो. जुने रिसीव्हर त्याला बाइंडच होत नाहीत, म्हणजे त्याच्याशी जोडलेच जात नाहीत.

ट्रान्समीटर बदलणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. खाली तपासणीचा क्रम मुद्दाम तसाच ठेवला आहे: आधी वीज, मग अँटेना, मग फर्मवेअर आणि बँड, आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

लिंक तुटली की रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला?

हा फरक ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. लिंक तुटली तर रिसीव्हर जिवंत असतो आणि फेलसेफमध्ये जातो: थ्रॉटल शून्यावर, बाकी सर्व्हो तुम्ही ठरवलेल्या जागी. व्होल्टेज कोसळून रिसीव्हर बंद पडला तर सर्व्होंना पल्सच मिळत नाही. ते आहेत तिथेच राहतात, सैल पडतात किंवा परत येताना एक झटका देतात. फेलसेफमध्ये एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची पाती) किंचित उजवीकडे जाईल असं ठेवून पाहा. हवेत घटना घडली आणि विमान उजवीकडे कललं तर रेडिओकडे बघा. न कलता सरळ खाली आलं तर बहुतेक वेळा दोष विजेचा असतो.

स्पेक्ट्रम कंपनीच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये यासाठी सोय आहे. मध्येच वीज गेली असेल तर लिंक परत आल्यावरही एलईडी हळूहळू लुकलुकत राहतो. उतरल्यावर बॅटरी काढण्याआधी तो बघायचा. बॅटरी काढली की पुरावा गेला. बहुतेक जण उतरल्या उतरल्या आधी बॅटरीच काढतात.

एजटीएक्स किंवा ओपनटीएक्स हे फर्मवेअर असलेल्या ट्रान्समीटरवर स्पेशल फंक्शनमध्ये एसडी लॉग चालू ठेवा, अंतराल ०.२ सेकंद. लॉग कार्डावरच्या लॉग्ज फोल्डरमध्ये सीएसव्ही म्हणून पडतो, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडतो. त्यात रिसीव्हर बॅटरीचा आरएक्सबीटी हा रकाना आणि सिग्नलचे रकाने शेजारी-शेजारी ठेवून वाचायचे. एक सावधगिरी: टेलिमेट्रीतलं, म्हणजे विमानाकडून परत येणाऱ्या माहितीतलं, व्होल्टेज सावकाश येतं. वीस-तीस मिलिसेकंदांची घसरण त्यात दिसेलच असं नाही. लॉगमध्ये ४.९ व्होल्ट दिसले म्हणून बीईसीला (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरला) निर्दोष ठरवू नका.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. रेडिओ ‘टेलिमेट्री लॉस्ट’ म्हणून ओरडला म्हणजे नियंत्रण गेलं असं नाही. ट्रान्समीटर १०० किंवा २५० मिलिवॅटने पाठवत असतो, तर छोट्या रिसीव्हरचा टेलिमेट्रीचा आवाज त्याच्या मानाने बराच क्षीण असतो. त्यामुळे परतीचा रस्ता आधी तुटतो. घाबरून ट्रान्समीटरच्या काड्या हलवण्याआधी विमान ऐकतंय का ते बघा.

वीज: सगळ्यात जास्त दोष इथेच

ईएससीमध्ये (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटमध्ये) बसवलेला बीईसी लिनिअर आहे की स्विचिंग, हे आधी शोधा. लिनिअर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत जाळतो. ३एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते. त्यातून ५ व्होल्टवर २ अँपिअर ओढले तर (१२.६ − ५) × २ = १५.२ वॅट उष्णता नखाएवढ्या एक-दोन रेग्युलेटरमधून बाहेर पडायला हवी. ही छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता झाली. थर्मल शटडाउन होतो, बीईसी थंड झाल्यावर परत सुरू होतो आणि जमिनीवर तपासायला घेता तेव्हा सगळं ठाकठीक असतं. ‘जमिनीवर काहीच सापडत नाही’ याचं निम्मं उत्तर हे आहे. दुपारच्या उन्हात, बंद फ्यूजलाजमध्ये, हवेची वाट नसलेल्या फोमच्या विमानात हे हमखास होतं.

९ ग्रॅमचा साधा सर्व्हो अडकला तर अर्ध्या अँपिअरच्या वर ओढतो. मेटल गिअरचा मोठा डिजिटल सर्व्हो २ अँपिअर सहज पार करतो. चार डिजिटल सर्व्हो आणि ‘३ अँपिअर’ लिहिलेला लिनिअर बीईसी हे गणित ३एसवर जुळत नाही, ४एसवर तर अजिबातच नाही.

तपासायची पद्धत: प्रोपेलर काढा. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये मल्टिमीटरच्या तारा लावा, मीटरचं ‘मिन’ बटण दाबून ठेवा. दोन्ही काड्या अर्धा मिनिट जोरात फिरवा, एका हाताने एलेव्हेटर आणि एलेरॉन हलकेच दाबून धरा म्हणजे सर्व्होवर भार येईल. ५ व्होल्टच्या बीईसीचं किमान व्होल्टेज ४.६ च्या खाली गेलं तर तो अपुरा आहे, असं धरून चाला. स्पेक्ट्रमचे रिसीव्हर ३.५ व्होल्टपर्यंत तग धरतात, पण मीटरला ४.२ दिसतात तेव्हा प्रत्यक्षात क्षणभर ३.५ ची रेषा ओलांडली गेलेली असू शकते, कारण मीटर संथ असतो.

उपाय ५ अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी, म्हणजे ईएससीबाहेरचा वेगळा बीईसी. तो मुख्य बॅटरीला थेट जोडा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार पिनसकट बाहेर काढून तिच्यावर हीटश्रिंक चढवा. दोन मोटरच्या विमानात दोन ईएससी असतात. दोन्ही बीईसी स्विचिंग असतील तर एकाची लाल तार काढायलाच हवी, नाहीतर ते एकमेकांशी भांडत बसतात. यूबीईसीच्या आउटपुट तारेचे फेराइट रिंगभोवती पाच-सहा वेढे घ्या आणि तो रिसीव्हरपासून जमेल तितका लांब बसवा, कारण स्विचिंगचा स्वतःचा गोंगाट असतो.

रिकाम्या चॅनेलला ४७०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर लावायची पद्धत आहे. तो क्षणिक खड्डे भरून काढतो, हे खरं. पण अपुऱ्या बीईसीवर तो इलाज नाही, आणि ध्रुव उलटे लावले तर फुटतो.

ग्लो किंवा पेट्रोल इंजिनाच्या विमानात रिसीव्हरची वेगळी बॅटरी असते, तिथे गोष्टी निराळ्या. चार सेलचा ४.८ व्होल्टचा निकेल पॅक डिजिटल सर्व्होंना पुरत नाही, पाच सेलचा घ्या. स्विचच्या संपर्कात ०.१ ओहम रोध जरी आला तरी ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच जातो. जुन्या पॅकची काळी तार सोलून बघा: तांबं चमकायच्या ऐवजी काळपट आणि भुरभुरीत दिसलं, त्यावर सोल्डर धरत नसेल, तर ती तार आतून कुजली आहे. ती पुसून चालत नाही. पॅकपासून स्विचपर्यंत सगळी बदलायची.

अँटेना

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. रिसीव्हरच्या तारेचं टोक, जिथे वरची जाळी काढलेली असते, तेवढे ३१ मिलिमीटरच खरं ऐकतात. बाकीची तार नुसती वाहिनी. ते ३१ मिलिमीटर सरळ, मोकळे आणि कार्बन फायबर, बॅटरी, ईएससी यांच्यापासून लांब हवेत. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी ९० अंशांत. तारेचं टोक कापलं गेलं असेल, वाकवून टेपखाली दाबलं असेल किंवा जाळीसकट आख्खी तार कार्बनच्या बूमला चिकटवली असेल, तर जमिनीवर पन्नास मीटर सगळं चालेल आणि हवेत विमान एका विशिष्ट कोनात वळलं की लिंक जाईल. एकाच वळणावर, एकाच बाजूला घटना घडत असेल तर सरळ अँटेनाच्या मांडणीकडे जा.

ट्रान्समीटरच्या बाजूला दोन सापळे आहेत. पहिला: अँटेनाच्या टोकाकडे सिग्नल सगळ्यात कमी असतो, त्यामुळे टोक विमानाकडे रोखून उभं राहू नका. अँटेना आडवी, विमानाच्या दिशेला काटकोनात. दुसरा सापळा कनेक्टरचा. एसएमए आणि आरपी-एसएमए एकमेकांवर छान घट्ट फिरतात, पण मधली पिन दोन्हीकडे नसली तर संपर्कच होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं नीट दिसतं. अँटेना काढून दोन्ही तोंडांत डोकावा: एकात पिन, दुसऱ्यात भोक दिसलं पाहिजे. पिनेशिवाय चालवत राहिलात तर पाठवलेली ताकद परत फिरून मॉड्यूलच्या पॉवर अँप्लिफायरवर येते, आणि तो हळूहळू मरतो. मग अँटेना बरोबर लावली तरी रेंज परत येत नाही.

आतल्या यू.एफएल कनेक्टरची जोडणी-काढणी तीसेक वेळांसाठीच बनवलेली असते. दुमडणाऱ्या अँटेनाच्या बिजागरीत तार घासून तुटते. अँटेना दुमडताना-उघडताना सिग्नलचा आकडा उडत असेल तर आतली तार गेली.

रेंज टेस्ट, पण नीट

दहा पावलं चालून ‘हलतंय’ म्हणणं म्हणजे रेंज टेस्ट नव्हे. विमान लाकडी टेबलावर, जमिनीपासून किमान पाऊण मीटर उंच ठेवा. लोखंडी टेबल आणि गाडीचं टप नको. ट्रान्समीटर रेंज-चेक मोडमध्ये घाला. फ्रस्काय कंपनीच्या रेडिओत या मोडला अंतर एक-तीसांश होतं, म्हणून ३० मीटरवर नियंत्रण टिकलं पाहिजे. स्पेक्ट्रमचा नेम ३० पावलांचा. एक्स्प्रेसएलआरएस या मुक्त-स्रोत रेडिओ प्रणालीमध्ये डायनॅमिक पॉवर बंद करून ताकद १० मिलिवॅटवर आणा.

आता सोबत्याला विमान चारही दिशांना फिरवायला सांगा आणि प्रत्येक दिशेचा सिग्नलचा आकडा लिहून घ्या. मग हीच फेरी मोटर चालू ठेवून, विमान घट्ट पकडून, सोबत्याला प्रोपेलरच्या मागे उभं करून. मोटर बंद असताना आणि चालू असताना आकड्यांत मोठा फरक पडला तर ईएससी किंवा यूबीईसीचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत पोचतोय. कॅमेरा किंवा व्हिडिओ ट्रान्समीटर असेल तर तिसरी फेरी तो चालू ठेवून. आकडे वहीत ठेवा, कारण दुरुस्तीनंतर तुलना करायला तेवढाच आधार असतो.

आकडे काय सांगतात

फ्रस्कायच्या आरएसएसआयचे (सिग्नलच्या ताकदीच्या आकड्याचे) इशारे मुळात ४५ आणि ४२ वर लावलेले असतात. ४५ ऐकू आलं की वळा, ४२ ला वाद नको. स्पेक्ट्रमच्या फ्लाइट लॉगमध्ये ए, बी, एल, आर हे अँटेनांचे फेड (त्या अँटेनाचा सिग्नल हुकल्याची मोजणी), एफ म्हणजे हुकलेल्या फ्रेम आणि एच म्हणजे होल्ड. सलग ४५ फ्रेम हुकल्या, साधारण एक सेकंद, की एक होल्ड मोजला जातो. फेड पन्नास-शंभर चालतात, फ्रेम लॉस वीसच्या आत हवा, होल्ड मात्र शून्यच. एक जरी होल्ड दिसला तरी त्या दिवशी पुन्हा उडवू नका.

एक्स्प्रेसएलआरएसमध्ये दोन आकडे एकत्र वाचायला शिका: डीबीएममधली सिग्नलची ताकद आणि लिंक क्वालिटी, म्हणजे किती टक्के पॅकेट पोचली. दोन्ही एकदम पडले तर अंतर, अँटेना किंवा विमानाची सावली. ताकद चांगली, म्हणजे −७० वगैरे, आणि लिंक क्वालिटी मात्र ६० वर आली तर आसपास कुणीतरी त्याच लहरींवर बोलतंय किंवा तुमचा ट्रान्समीटर गप्प बसतोय. गप्प बसण्याचं कारण खाली एलबीटीमध्ये येईल.

पॅकेट रेटही, म्हणजे सेकंदाला किती पॅकेट जातात तेही, बघा. २.४ वर ५०० हर्ट्झला रिसीव्हर −१०५ डीबीएमपर्यंत ऐकतो, ५० हर्ट्झला −११५ पर्यंत. हा १० डेसिबलचा फरक मोकळ्या हवेत तिपटीहून थोडं जास्त अंतर देतो. रेसिंग ड्रोनसाठी ठेवलेला ५०० चा रेट ट्रेनर विमानाला कशाला हवा?

मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल आणि फाइन ट्यून

अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलणाऱ्या चार-चिप मॉड्यूलमध्ये सीसी२५००, एनआरएफ२४एल०१, ए७१०५ आणि सीवायआरएफ६९३६ असतात. यातली सीसी२५०० ही फ्रस्काय डी८, डी१६, फुताबा एस-एफएचएसएस या प्रोटोकॉलसाठी वापरली जाते, आणि तिचा स्फटिक अगदी नेमक्या वारंवारतेवर नसतो. फाइन ट्यून (वारंवारता किंचित सरकवायची सेटिंग) शून्यावर ठेवून बाइंड केलं तर टेबलावर चालतं, हवेत कमी रेंज मिळते, आणि ऊन-गारठ्याने स्फटिक थोडा सरकला की लिंक जाते. सकाळी चालतं आणि दुपारी तुटतं, हे याचं खास लक्षण. कितीतरी चांगले रिसीव्हर या एका कारणाने बाद ठरवले जातात.

करायचं असं. प्रोपेलर काढा, बाइंड करा. बाइंड होत नसेल तर फाइन ट्यून −४० आणि +४० वर ठेवून पाहा. मग मॉडेल सेटिंगमध्ये आकडा एकेकाने कमी करत जा आणि सर्व्हो हलवत राहा. ज्या आकड्याला नियंत्रण जातं तो लिहा, समजा −७०. आता उलट वर न्या, जिथे पुन्हा जातं तो लिहा, समजा +३०. मधला आकडा −२०, तोच ठेवायचा. मॉड्यूल दहा मिनिटं चालू ठेवून गरम झाल्यावर हे करा. दुसऱ्या कंपनीच्या नकली रिसीव्हरला वेगळा आकडा लागू शकतो, म्हणून तो मॉडेलगणिक तपासा. सीवायआरएफवरच्या स्पेक्ट्रमच्या डीएसएमला याची गरज पडत नाही.

बाइंड करताना ट्रान्समीटर रिसीव्हरला टेकवून धरू नका. इतक्या जवळून रिसीव्हरचे कान बधिर होतात. एक-दोन मीटर अंतर ठेवा.

बाइंडच होत नाही: प्रदेश आणि आवृत्ती

इथे मंजुरीचा प्रश्न थेट टेबलावर येतो. युरोपच्या ईएन ३०० ३२८ मानकाची १.८.१ ही आवृत्ती १ जानेवारी २०१५ पासून सक्तीची झाली. २.४ वर १०० मिलिवॅटची मर्यादा आधीपासून होती. नव्या नियमाने १० मिलिवॅटच्या वरच्या उपकरणांवर असं बंधन घातलं की एक तर आधी चॅनेल ऐकून मगच बोला, नाहीतर बोलण्याचा वेळ फार कमी ठेवा. आधी ऐकून मग बोलण्याला एलबीटी (लिसन बिफोर टॉक) म्हणतात. ज्या जुन्या पद्धती यात बसत नव्हत्या त्या युरोपी आवृत्तीतून काढून टाकल्या गेल्या: फ्रस्कायच्या एलबीटी फर्मवेअरमधून डी८ गेलं, स्पेक्ट्रमच्या युरोपी ट्रान्समीटरमधून डीएसएम२.

त्यामुळे जर्मनी-इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकाने आणलेला, अगदी कोरा करकरीत ट्रान्समीटर पुण्यातल्या तुमच्या डी८ किंवा डीएसएम२ रिसीव्हरला बाइंड होत नाही. तो बिघडलेला नाही. डी१६ चंही तसंच: ट्रान्समीटर एलबीटी आणि रिसीव्हर एफसीसी (अमेरिकी) आवृत्तीचा असेल तर जुळत नाही. दोन्हीकडे एकच प्रदेश हवा. खोक्यावरचं स्टिकर बघून भागत नाही, आवृत्ती मेन्यूतून वाचा, कारण वापरलेल्या सेटवर आधीच्या मालकाने काय चढवलंय ते खोक्याला माहीत नसतं.

फ्रस्काय डी१६ मध्ये दुसरी भिंत आहे, आवृत्तीची. जुन्या डी१६ मध्ये गोंगाटात बिघडलेलं पॅकेट क्वचित खरं मानलं जायचं आणि सर्व्हो क्षणभर भलतीकडे उडी मारायचा. आरएसएसआय उत्तम, फेलसेफ नाही, नुसती उडी. कंपनीने २०२० च्या सुरुवातीला आवृत्ती २ काढून पॅकेटची पडताळणी सुधारली. पण आवृत्ती २ चा ट्रान्समीटर आवृत्ती १ च्या रिसीव्हरशी बोलत नाही. एकाच ट्रान्समीटरवर आठ विमानं असतील तर आठही रिसीव्हर चढवायचे किंवा एकही नाही. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूलवर ही अडचण सोपी होते: जुन्यासाठी फ्रस्कायएक्स, नव्यासाठी फ्रस्कायएक्स२ असे वेगळे पर्याय आहेत, मॉडेलगणिक निवडा.

एक्स्प्रेसएलआरएसला २.x आणि ३.x एकमेकांशी जुळत नाहीत. बाइंडिंग फ्रेज दोन्हीकडे अक्षरन् अक्षर तीच हवी, कॅपिटल-स्मॉलसकट. आणि रिसीव्हरचा दिवा तीनदा लुकलुकून थांबतोय, टेलिमेट्रीही येतेय, पण सर्व्हो ढिम्म, असं असेल तर ट्रान्समीटरवरची लुआ स्क्रिप्ट (एक्स्प्रेसएलआरएसचं सेटिंग पान) उघडा. ‘मॉडेल मिसमॅच’ दिसेल. मॉडेल मॅच बंद करा किंवा रिसीव्हर क्रमांक बरोबर द्या. या एका सेटिंगपायी रिसीव्हर परत पाठवणारे बरेच असतात.

एलबीटी फर्मवेअर असलेला ट्रान्समीटर वायफायच्या गर्दीत, सोसायटीच्या गच्चीला लागून असलेल्या मैदानात वापरलात तर तो चॅनेल व्यग्र दिसला की बोलतच नाही. ताकद चांगली आणि लिंक क्वालिटी खाली, हे वर सांगितलेलं चित्र तेव्हा दिसतं. युरोपात राहणाऱ्यांनी मात्र यावर उपाय म्हणून एफसीसी फर्मवेअर चढवू नये. ज्या फर्मवेअरवर चाचणी झाली त्याचीच मंजुरी असते.

भारतात कुठला बँड

२.४०० ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेपासून परवानामुक्त आहे, ४ वॅट ईआयआरपीच्या (अँटेनातून बाहेर पडणाऱ्या ताकदीच्या) मर्यादेत. ट्रान्समीटरचे १००-२५० मिलिवॅट त्यात आरामात बसतात. लांब पल्ल्यासाठी ‘९०० वाला’ घ्यायचा मोह होतो, तिथे थांबा. आपल्याकडे परवानामुक्त पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा आहे. अमेरिकी ९१५ चं उपकरण ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये उड्या मारतं, आणि ८९० ते ९१५ हा भारतात मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणारा पट्टा आहे. म्हणजे तुमचा ट्रान्समीटर टॉवरच्या कानात ओरडतो आणि आजूबाजूचे फोन तुमच्या रिसीव्हरच्या. बेकायदा तर आहेच, शिवाय वस्तीजवळ रेंजही घात करते.

एक्स्प्रेसएलआरएसमध्ये भारतासाठी आयएन८६६ हा पर्याय आहे. तो दोन्ही टोकांना चढवायचा. पण यात उड्या मारायला चारच चॅनेल मिळतात, अमेरिकी पर्यायात चाळीस असतात. त्याच पट्ट्यात लोरावॅनची (लांब पल्ल्याच्या सेन्सर जाळ्याची) उपकरणं आणि काही ठिकाणी स्मार्ट मीटरही बोलतात. शहरात लिंक क्वालिटी कारण नसताना घसरत असेल तर हे कारण धरा आणि २.४ वर परत या. डोळ्यांसमोर उडवायच्या विमानाला ८६६ ची गरज क्वचितच पडते. अँटेनाही बदलावी लागते: ८६६ ला पाव तरंगलांबी साधारण ८.६ सेंटिमीटर.

मंजुरी का रखडते आणि तोवर काय करायचं

परवानामुक्त पट्टा म्हणजे उपकरणालाही मंजुरी नको, असा अर्थ होत नाही. डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वारंवारता शाखेची) इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए, लागते. ती सरल संचार पोर्टलवर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या आरएफ चाचणी अहवालाच्या आधारे मिळते आणि ती एका विशिष्ट मॉडेलची असते. गाडी अडते ती इथे. कारखाना वर्षभरात आतली आरएफ चिप किंवा अँप्लिफायर बदलतो, नावापुढे ‘मार्क २’ किंवा ‘मॅक्स’ लागतं, आणि अहवालातला मॉडेल क्रमांक, लेबलवरचा क्रमांक आणि इन्व्हॉइसवरचा क्रमांक यांत तफावत पडते. ट्रान्समीटरच्या आत मुख्य मॉड्यूल, ब्लूटूथ किंवा वायफाय असे दोन-तीन रेडिओ असतील तर अहवालात ते सगळे यायला हवेत. अमेरिकेतही कागद अडतात: १ ते १६ ऑक्टोबर २०१३ ला सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा एफसीसीची उपकरण-मंजुरीही थांबली होती.

दुकानदाराला पैसे देण्याआधी ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागा आणि तीन गोष्टी जुळवा: मॉडेल क्रमांक, वारंवारता, ताकद. ‘येतंय दोन आठवड्यांत’ यावर आगाऊ रक्कम देऊ नका.

बाहेरून स्वतः मागवत असाल तर ट्रान्समीटरचं कस्टममधलं शीर्षक ८५२६.९२ आहे, रेडिओ रिमोट कंट्रोल उपकरण. ड्यूटी वाचवायला ‘खेळणं’ लिहून घेऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, म्हणजे एका कागदाऐवजी दुसरा मागितला जाईल आणि वर खोट्या घोषणेचा ठपका. विमान किंवा ड्रोनसह एकाच खोक्यात आलेला आरटीएफ (थेट उडवायला तयार) सेटही टाळा: ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मोकळे आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलला टाइप सर्टिफिकेटमधून सूट आहे, पण ती विमानाची. रेडिओच्या ईटीएशी तिचा संबंध नाही.

तोवर जुना ट्रान्समीटर फेकू नका. मागे जेआर बे (बाहेरचं मॉड्यूल बसवायची खाच) असेल तर ईटीए असलेलं बाहेरचं मॉड्यूल बसवून काम भागतं. काड्या थरथरत असतील तर चॅनेल मॉनिटर बघा. पट्टी तिथेच नाचत असेल तर दोष काडीखालच्या पॉटचा (पोटेन्शिओमीटरचा) आहे, लिंकचा नाही. हॉल गिंबल (चुंबकी सेन्सरची काडी) बसवा. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने १८६५० सेलच्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. बारीक पॉलिश कागदाने घासा, आयसोप्रोपिलने पुसा. दोन लिथियम-आयन सेलवर अलार्म ७.० व्होल्टला लावा, आणि मीटरने मोजलेलं व्होल्टेज हार्डवेअर पानावर जुळवून घ्या, कारण दाखवलेला आकडा दोन-तीन दशांशांनी चुकलेला असू शकतो.

फर्मवेअर, रिसीव्हर किंवा मॉड्यूल, काहीही बदललं की फेलसेफ पुन्हा लावायचा. रिसीव्हरमध्ये साठवलेला फेलसेफ नव्याने बाइंड करताना बदललेला असू शकतो आणि काही रिसीव्हर बाइंडच्या क्षणी काडी जिथे असेल तीच जागा फेलसेफ म्हणून धरतात. थ्रॉटल अर्ध्यावर असताना बाइंड केलं तर लिंक तुटल्यावर मोटर अर्ध्या जोरात चालू राहील. प्रोपेलर काढा, थ्रॉटल थोडं वाढवा, ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. मग ट्रान्समीटर चालू करून ३० मीटरची रेंज टेस्ट, मोटर बंद आणि चालू, आणि आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.